भैरोसिंगचा घसा

बँकेनं जबलपूरला बदली केल्यावर इथंही मी आमचा रविवारचा खेळ सुरू केला. पहिल्याच बैठकीला एक नवी मुलगी हातात कोरा कागद धरून माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "मॅडम, इसमें अपना खुद का कितना डालना होता है?" या प्रश्नाचं उत्तर मला येतं, पण ते माझं नाही. ते भोपाळच्या सप्रेकाकांचं. मी तिला ते सांगितलं, तिनं मान डोलावली आणि लिहायला लागली. मला मात्र त्या दिवसापासून काका डोक्यातून जाईनात, म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: जंगल आहे, पलीकडे किल्ला आहे, फाटक बंद आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करेल, काय बोलेल ते सांगतात. जमलं की फसलं हे फाशांवर ठरतं. फासे साधे नसतात, काहींना वीस बाजू असतात. पात्राचा एक कागद असतो, त्यावर नाव, वय, ताकद, खोडी, भीती असं सगळं लिहायचं. बस, एवढंच. हरणं-जिंकणं नाही. माझ्या सासूबाई याला "मोठ्यांची भातुकली" म्हणतात आणि ते अगदीच खोटं नाही.

भोपाळला आम्ही इंद्रपुरीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. खाली सप्रे. रविवारी दुपारी तीन वाजता मी, इमरान आणि रुची असे तिघं बसायचो. इमरान कोचिंग क्लासात केमिस्ट्री शिकवायचा. मराठी त्याला सगळं कळतं, बोलताना मात्र तो हिंदीवर येतो. रुची इंदूरकडची, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला, घर आनंद नगरला. त्या दिवशी इमरानच्या चोरानं राजवाड्याचं कुलूप उघडलं आणि आम्ही तिघं इतक्या जोरात ओरडलो की दारावरची बेल ऐकूच आली नाही. शेवटी दारावर थापा पडल्या. मी दार उघडलं, तर बाहेर सप्रेकाका. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात बॉलपेन, आणि बॉलपेनाशेजारी फीलर गेज.

हे फीलर गेज काय असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पोलादाच्या पातळ पातळ पात्यांचा जुडगा असतो, प्रत्येक पात्याची जाडी वेगळी, त्यावर कोरलेली. दोन भागांमधली फट किती आहे ते पातं घालून मोजायचं. काकांनी भोपाळच्या मोठ्या कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. बाविसाव्या वर्षी मिरजेहून डिप्लोमा घेऊन आले ते तिथलेच झाले. निवृत्तीनंतर लोक चष्मा सांभाळतात, काका फीलर गेज सांभाळायचे. कुणाच्याही घरी गेले की दार आणि चौकट यांच्यात पातं घालून बघायचे. "वरून दोन, खालून साडेतीन. सुतारानं घाई केलीय," असं म्हणून मग नमस्कार करायचे. त्यात कुत्सितपणा नसे. दुसरा माणूस हवापाणी विचारतो, तसे हे फट विचारत.

त्या दिवशी ते आले होते आवाजाची तक्रार करायला. पण टेबलावरचे वीस बाजूंचे फासे बघून तक्रार विसरले. एक फासा उचलला, डोळ्यांजवळ नेला, फिरवला.

"हे तपासलेत?"

"काय तपासायचं त्यात, काका?"

"सगळ्या बाजू सारख्या वजनाच्या आहेत का? तुमचं जगणं-मरणं यावर ठरतं म्हणता, आणि रिपोर्ट नाही?"

ते सगळे फासे घेऊन खाली गेले. आम्हीही मागोमाग. काकूंच्या स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं, आणि त्यात डब्यातलं मीठ ओतू लागले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. शालिनीकाकू म्हणजे शाळेत तीस-एक वर्षं गणित शिकवलेल्या बाई, चटकन बोलायच्या नाहीत. निम्मा डबा रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "अहो, लोणचं घालायचंय का त्यांचं?" खाऱ्या पाण्यात फासे तरंगायला लागले. काका प्रत्येकाला बोटानं टिचकी मारून पुन्हा पुन्हा उलटवत, आणि कुठला आकडा वर येतो ते वहीत लिहीत. अर्धा तास लागला. दोन फासे नापास झाले. त्यातला एक इमरानचा लाडका लाल फासा होता, हटकून मोठा आकडा देणारा. काका म्हणाले, "हा रिजेक्ट. एका बाजूला जड आहे." इमरान हात जोडून म्हणाला, "काका, इसी ने तो आज तक मेरी इज्जत रखी है।" काकांनी फासा पुसला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "घर में रखिए. टेबल पे नहीं." पुढच्या रविवारी तीनला पाच कमी असताना काका वर आले, स्वतःची पेन्सिल आणि ब्लेड घेऊन.

त्यांचं पहिलं पात्र म्हणजे एक रजपूत योद्धा, रणधीर. सहा फूट उंच, छाती अशी, मिशा तशा. कशालाच न भिणारा. काका मात्र पाच फूट चार इंच, आणि पाल दिसली तर खुर्चीवर चढणारे. रणधीर तीन रविवार जगला. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, समोर विहीर आहे, खोल, तळ दिसत नाही. काका म्हणाले, "उडी." रुची ओरडली, काका, कशाला? ते म्हणाले, "तो भीत नाही ना." रणधीर विहिरीत गेला तो गेलाच. आम्हाला वाईट वाटलं. काकांना काहीच वाटलं नाही, आणि न वाटल्याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं. रणधीरचा कागद त्यांनी उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "फार ढिला होता गं, नीता. माझ्यात आणि त्याच्यात फट फार. नुसता खडखडत होता."

यावर मी तेव्हा हसले. फटीचा अर्थ कळला तो रुचीमुळे.

रुचीनं नेमकं उलट केलं होतं. तिच्या पात्राचं नाव रुचिरा, वय तिचंच, उंची तिचीच, घरात धाकटी, वांगं आवडत नाही, कुणी रागावलं की आधी रडू येतं. एका रविवारी इमरानचा चोर रुचिराला म्हणाला, "तुम रहने दो, तुमसे नहीं होगा। हर जगह तुम्हें संभालना पड़ता है।" चोर बोलला, इमरान नव्हे. पण रुचीचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात तिच्या हेडक्लार्कनं जवळजवळ हेच शब्द तिला ऐकवले होते, हे आम्हाला नंतर समजलं. ती पर्स उचलून गेली. पुढचे दोन रविवार आली नाही, फोनही उचलेना. इमरान बिचारा हवालदिल. मी चिडले, म्हटलं एवढं काय, खेळच तर आहे. माझा स्वभाव असाच, आधी चिडायचं आणि मग विचार करायचा.

काका स्कूटर काढून आनंद नगरला तिच्या घरी गेले. मला मागे बसवून नेलं, कारण "तरुण मुलीच्या घरी एकटं कसं जायचं." रुचीच्या आईनं पोहे केले. काकांनी एकही उपदेश केला नाही. खिशातून फीलर गेज काढलं, पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं आणि तिला विचारलं, "टर्बाइनचा शाफ्ट बघितलायस कधी? ह्या खोलीपेक्षा लांब. तो ज्याच्यात फिरतो ते बेअरिंग. दोघांच्या मधे फट ठेवावी लागते. किती असेल?"

रुची मान खाली घालून म्हणाली, "माहीत नाही."

"एवढीशी." त्यांनी एक पातं बाहेर काढून तिच्या बोटांत दिलं. "पण ती पाहिजेच. कारण फटीत तेल असतं. एवढा मोठा शाफ्ट तेलावर तरंगत फिरतो. फट जास्त झाली तर थडथडतो, माझ्या रणधीरसारखा. फट ठेवलीच नाही तर तेलाला जागा नाही, घासतो, तापतो आणि जाम होतो. तू फटच ठेवली नाहीस, बाळा. तिला बोललेलं थेट तुला घासलं."

रुची म्हणाली, "काका, मला खरंच खूप बुरं वाटलं."

"वाटणारच. म्हणून म्हणतो, स्वतःचं घाल, पण सगळं नको घालू. तुझा राग दे तिला, वय देऊ नको. तुझं वांगं दे, नाव देऊ नको."

पुढच्या रविवारी रुची आली ती एक साठ वर्षांची पहिलवान बाई घेऊन. नाव जमनाबाई. रडू तिलाही यायचं, पण रडता रडता ती समोरच्याला उचलून आपटायची. इमरानच्या चोराला तिनं पहिल्या अर्ध्या तासात दोनदा आपटलं. इमरानइतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नवं पात्र आलं की काका कागद तपासत आणि विचारत, "फट किती ठेवलीस?" मग कागदाच्या कोपऱ्यात लहान त्रिकोण काढून त्यात ए लिहीत. कारखान्यात ड्रॉइंगमध्ये काही बदललं की असा त्रिकोण काढून अक्षर टाकायची पद्धत होती. पात्रात काही बदल झाला, समजा हात तुटला, की त्रिकोणात बी. काकांच्या सहीशिवाय आमच्याकडे कुणाचा हात तुटत नसे.

काकांचं दुसरं पात्र म्हणजे भैरोसिंग. उंटांच्या तांड्याचा राखणदार, वय बत्तीस. स्वतःचं त्यांनी मोजून घातलं होतं. भैरोसिंग रात्री झोपण्याआधी उंट मोजायचा, तीन वेळा. पालींना भ्यायचा. कुणाच्याही तंबूत शिरताना दोरी ओढून बघायचा. बाकी सगळा वेगळा: रांगडा, थापाड्या, बायकांशी गोड बोलणारा. काका त्याला इतकं छान खेळायचे की कधी कधी मी माझी गोष्ट सोडून त्याचंच ऐकत बसायची. फट अगदी बरोबर पडली होती.

होळीच्या सुमाराला भैरोसिंगचा आवाज बदलला. एका रविवारी काकांनी तोंड उघडलं आणि आतून एक घोगरा, खरखरीत, वाळवंटातली वाळू खाल्लेला आवाज आला. इमराननं टेबलावर थाप मारली. "क्या बात है, काका! क्या आवाज पकड़ी है! एकदम ऊँटवाला!" काका क्षणभर गोंधळले, मग हसले आणि कागदाच्या कोपऱ्यात त्रिकोण काढून बी लिहिलं. शेजारी बारीक अक्षरात, "आवाज – घोगरा." रुचीनं फोनवर रेकॉर्डिंग केलं. चांगलं वठवल्याबद्दल जादा गुण द्यायची सूत्रधाराला मुभा असते. तो मी भैरोसिंगला दिला. पुढच्या रविवारी पुन्हा दिला, आणि त्याच्याही पुढच्या. हे आठवलं की आजही मला स्वतःचे कान पिळावेसे वाटतात.

एप्रिलमध्ये बँकेतून येताना मी भाजी घ्यायला बिट्टन मार्केटला थांबले होते. गर्दीतून ओळखीचा आवाज आला. "पालक का क्या भाव लगाया, भैया?" भैरोसिंग पालक घेत होता. मी हसत पुढे गेले, म्हटलं, "काका, इथंसुद्धा भैरोसिंग?"

काका वळले. मला बघून हसले. आणि ते हसणंसुद्धा घोगरं होतं.

आवाज बदलता येतो माणसाला. हसू बदलून कोण हसतं? मी तिथंच, पालकाच्या ढिगापुढे उभी राहिले. दीड-दोन महिने आम्ही टाळ्या वाजवत होतो. एका माणसाचा घसा बसला होता आणि आम्ही त्याला गुण देत होतो.

"काका, हा तुमचा आवाज आहे?"

"धूळ फार आहे यंदा," काका म्हणाले. "आणि घरी सांगितलंय की भैरोसिंगची प्रॅक्टिस चाललीय. दिवसभर त्याच आवाजात बोलतो म्हणून ती वैतागलीय. तू काही बोलू नकोस."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

त्यांनी पालकाची जुडी उलटीसुलटी करून बघितली. "शालिनीचा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला, नीता. माझ्यासारखाच तंबाखू खायचा. दोन वर्षं तिनं त्याचं केलं. मला काही निघालं तर तिला पुन्हा ते सगळं... आणि काही नसेल तर आपोआप बरं होईलच ना." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शपथ आहे तुला. कुणाला सांगायचं नाही."

छत्तीस वर्षं रिपोर्टशिवाय एक माल ज्यानं पुढे जाऊ दिला नाही, तो माणूस मला हे सांगत होता. मी चिडायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून चिडणं जमलं नाही, आणि मी मूर्खासारखी मान हलवली.

तीन रात्री मला झोप नाही. नवऱ्यालासुद्धा सांगता येईना, काका शपथ घालून बसले होते ना. सांगावं तर काकांचा विश्वास जातो, न सांगावं तर कदाचित काकाच जातात. शेवटी शुक्रवारी भाजी फोडणीला टाकताना सुचलं. कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. भैरोसिंगला काही विचारणार नाही असं कबूल केलं नव्हतं.

महिन्यातला शेवटचा रविवार काकांच्या घरी असायचा, कारण काकूंचे साबुदाणावडे. आम्ही चौघं टेबलाभोवती, काकू आतबाहेर. मी गोष्ट सुरू केली. तांडा एका सराईत उतरला आहे. सराईत एक म्हातारा हकीम आहे. तो प्रत्येकाची नाडी बघतो आणि मगच पुढच्या वाळवंटात सोडतो. जमनाबाईची बघितली, चोराची बघितली. मग मी हकीम होऊन भैरोसिंगकडे वळले.

"हा घसा कधीपासून असा आहे?"

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांना कळलं होतं. ते उठून जातील असं मला वाटलं. पण समोरून प्रश्न आला की तपासनिसानं उत्तर द्यायचं, ही सवय हाडात मुरलेली. किंवा त्यांनाही कुठंतरी सांगून मोकळं व्हायचं असेल. ते भैरोसिंगच्या आवाजात म्हणाले, "दोन महिने होतील, हकीमजी."

"दुखतं?"

"गिळताना नाही. सकाळी बोलायला जोर लावावा लागतो."

"वजन?"

"उतरलंय थोडं. पट्ट्याला नवं भोक पाडलंय."

इमरान हळूच हसला, उंटवाल्याच्या कमरेला पट्टा म्हणून. मी हसले नाही. "तंबाखू?"

"खायचो. सोडून तीस वर्षं झाली."

काकू वड्यांची थाळी घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. थाळी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"भैरोसिंगचं वय काय?" काकूंनी विचारलं.

रुचीनं कागदाकडे बघून सांगितलं, "बत्तीस."

"मग दोन वर्षांचा असताना सोडली का त्यानं तंबाखू?"

आयुष्यभर मिलिमीटरचा शंभरावा भाग सोडला नाही अशा माणसाची चूक झाली होती ती तीस वर्षांची. इमराननं हातातला वडा पुन्हा थाळीत ठेवला. काकू काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चुकलेल्या गणिताची वही समोर ठेवून विचारावं, तसं विचारलं, "अहो, हे तो सांगतोय की तुम्ही?"

काकांनी भैरोसिंगचा कागद दोन्ही हातांनी टेबलावर सपाट केला. उगीचच. तो सपाटच होता.

"मी," ते म्हणाले.

"उद्या दहा वाजता दवाखान्यात जायचंय," काकू म्हणाल्या. आमच्याकडे वळल्या. "वडे गार होतील. खा." आणि आत गेल्या. त्या दिवशी आम्ही वडे खाल्ले, सगळे खाल्ले, कारण न खाण्याची हिंमत कुणातच नव्हती.

डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूवर एक गाठ होती. ती काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्टला आठ दिवस. तोपर्यंत, आणि त्यानंतरही थोडे दिवस, एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

ते आठ दिवस कसे गेले ते मी लिहू शकत नाही. मधला रविवार तेवढा सांगते. मी खेळ रद्द करणार होते. काकूंनी फोन केला, "रद्द करू नकोस, घरात बसून नुसते दाराच्या फटी मोजतायत." तीनला दोघं वर आले. काका चिठ्ठ्या लिहिणार आणि काकू भैरोसिंगचं बोलणार असं ठरलं होतं. काका लिहायचे, "तलवार उपसतो." काकू वाचायच्या आणि म्हणायच्या, "तलवार कशाला? आधी त्यांना विचारू काय पाहिजे." काका हाताने नाही-नाही म्हणायचे, काकू लक्ष द्यायच्या नाहीत. तासाभरात भैरोसिंगनं चोराला पाय टेबलावरून खाली घ्यायला लावले, जमनाबाईला दूध घेत जा म्हणून बजावलं आणि दरोडेखोरांना पाढे विचारले. फट वगैरे काही नाही, उंटवाल्याच्या अंगात साक्षात काकू. रुची हसता हसता खुर्चीवरून घसरली. काकांचे खांदे हलत होते, आवाज न काढता हसायचं म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला होता. मी बघितलं तर डोळे ओले होते, आणि ते हसण्यानं की कशानं हे मी विचारलं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात होते. काकूंनी पाकीट हातात घेतलं, पण काकांनी ते मागून घेतलं. बाकावर बसून पहिल्या ओळीपासून वाचलं: नाव, वय, नमुना कुठला, किती मिलिमीटरचा. आम्ही दोघी समोर उभ्या. शेवटच्या ओळीपर्यंत गेले, पुन्हा पहिल्या ओळीवर आले. तीनदा वाचलं. काकू शेवटी म्हणाल्या, "अहो, सांगताय की मी डॉक्टरांना विचारू?" काकांनी बोट एका ओळीवर ठेवून कागद त्यांच्यापुढे धरला. साधी गाठ होती. कॅन्सर नाही. मला तर एकदम मटकन बसावंसं वाटलं, आणि मी बसले, दवाखान्याच्या पायरीवर, लोक जात-येत असताना. इतकं हलकं मला माझा स्वतःचा रिपोर्ट चांगला आल्यावरही वाटलं नसतं. वर बघितलं तर काकांनी खिशातून बॉलपेन काढलं होतं, आणि रिपोर्टच्या तळाशी "तपासले" असं लिहून तारखेसकट सही करत होते. काकू त्यांना थांबवत नव्हत्या.

महिनाअखेरच्या रविवारी आम्ही पुन्हा त्यांच्याकडे जमलो. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता थोडं थोडं बोला, दिवसाला मोजकी वाक्यं. काकांनी शनिवारी एकही वापरलं नाही. काकू म्हणाल्या, "सगळी तुमच्या खेळासाठी राखून ठेवलीयत, मला एक दिलं नाही." इमराननं खास सुलेमानी चहा करून आणला होता. रुचीनं फोन रेकॉर्डिंगवर टाकून टेबलावर ठेवला. काकांपुढे भैरोसिंगचा कागद होता. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, कुठला आवाज येतो म्हणून. मी गोष्ट सुरू केली. वाळवंट संपलं आहे, समोर हिरवं गाव दिसतंय. भैरोसिंग काय म्हणतो?

काकांनी घसा साफ केला. तोंड उघडलं, मिटलं. मग कागद उचलून बाजूला सारला, खुर्ची वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या काकूंकडे तोंड केलं. आवाज आला तो पातळ, थोडा फाटका, भैरोसिंगचा नव्हे आणि आम्ही ओळखत होतो त्या काकांचाही पुरता नव्हे.

"शालिनी, मी फार घाबरलो होतो गं."

दवाखान्यात, ऑपरेशनच्या दिवशी, रिपोर्टच्या दिवशी, कधीही ज्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं, त्या बाईनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. रुचीनं हळूच हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं. मग काकू येऊन काकांशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अजून किती वाक्यं उरलीत?"

काकांनी चार बोटं दाखवली.

"बोला मग," काकू म्हणाल्या. आम्ही आपापले चहाचे कप उचलले आणि बाल्कनीत गेलो.